काचेखालची सात माणसं

मी एक जुनी होडी आहे. इतर होड्यांचा तळ लाकडाचा असतो, माझ्या तळाला मधोमध जाड काच बसवलेली आहे. माझ्यात बसून खाली वाकलं की समुद्राचा तळ दिसतो. प्रवाळ दिसतात, पोपटमासे दिसतात, कधी एखादं कासव निवांत गवत खाताना दिसतं. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर येणारे पाहुणे त्यासाठीच माझ्यात बसत. मित्रांनो, आपल्या आयुष्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण छाती पुढे काढून सांगतात. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट मान खाली घालून सांगण्याची आहे. तरीही सांगते, कारण मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे.

माझा जन्म विंडवर्ड गावच्या वाळूत झाला. तिथे होड्या कारखान्यात होत नाहीत, समुद्राकाठी बदामाच्या सावलीत होतात. इग्नेशियस नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला बांधलं. त्याच्याकडे नकाशा नव्हता की कागद नव्हता. तो कोयता घेऊन डोंगरात जाई आणि वाकडी झाडं शोधत हिंडे. सरळ झाडाकडे ढुंकूनही बघत नसे. फांदीचा जसा बाक, तशी माझी बरगडी. "बरगड्या देवानं आधीच करून ठेवलेल्या असतात, आपण फक्त हुडकायच्या," असं तो म्हणे. काचेचं मात्र त्याला अजिबात पटलं नव्हतं. माझा मालक थेल्बर्ट काच घेऊन आला, तेव्हा म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "होडीच्या पोटाला खिडकी? उद्या म्हणशील, बोकडाला दार बसव!"

पण बसवली त्याने. अशी बसवली की पंचवीस वर्षांत तिथून एक थेंब आत आला नाही.

मला पाण्यात सोडलं त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एक बोकड आणि एक मेंढा कापला. पाद्रीबाबांनी मंतरलेलं पाणी शिंपडलं. घडी घातलेला झेंडा उलगडला, तेव्हा माझं नाव सगळ्यांना कळलं. रुबीना. थेल्बर्टच्या आईचं नाव. मग थेल्बर्टने आधी पाणी आणि नंतर रम जमिनीवर ओतली आणि आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. आमच्याकडे कुठलंही काम त्यांना बोलावल्याशिवाय सुरू होत नाही. ज्याचं नाव घेतलं तो येतो, घोट घेतो, आशीर्वाद देतो आणि जातो. हे इतकं साधं आहे की लहान मुलांनाही शिकवावं लागत नाही. मग शंभर हातांनी दोर ओढला आणि मी पाण्यात उतरले.

पहिली बारा वर्षं मी इमानाने काम केलं. थेल्बर्ट जे असेल तेच दाखवी. "हा पोपटमासा, प्रवाळ खातो आणि वाळू हगतो. तुम्ही ज्या किनाऱ्यावर लोळताय ना, ती सगळी याचीच कृपा," असं म्हटलं की बायाबापड्या हसून बेजार होत. लोक खूश होते आणि मीही खूश होते.

मग शेजारच्या मोठ्या बेटावरून वेगवान होड्या येऊ लागल्या. त्यांच्यात गाणी वाजत, घसरगुंड्या असत. पाहुणे तिकडे वळले. एखाद्या फेरीला माझ्यात तीनच माणसं असायची आणि त्यातलं एक झोपलेलं. काच पुसताना थेल्बर्टचा हात जड पडायचा.

आणि त्याच सुमारास, मित्रांनो, आमचा पाय घसरला.

बेटाच्या उत्तरेला खडकांची एक रांग आहे. तिथे दोन पुरुष खोल पाण्यात एक फुटलेलं जहाज पडलेलं आहे. लाकडाच्या बरगड्या, नांगर ओढायचं चाक, तळात भरलेले दगड. एके दिवशी एका पाहुण्याने वाकून बघत विचारलं, "हे काय, समुद्री चाच्यांचं जहाज का?"

थेल्बर्टला खरं ठाऊक होतं. बेटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती 'इव्हलिना' होती, आमच्याच विंडवर्डला बांधलेली शिडाची मालनौका. फार वर्षांपूर्वी, नाताळ चार दिवसांवर आलेला असताना, त्रिनिदादहून सणाचा माल भरून येताना ती वादळात या खडकांवर आपटली. तिच्यावर सात माणसं होती. एकही परत आला नाही. एकाचंही शरीर हाती लागलं नाही.

थेल्बर्ट हसून म्हणाला, "हो तर. चाच्यांचंच."

गंमत म्हणून म्हणाला तो. पण पाहुण्यांनी असा काही आ वासला, असे काही काचेवर गर्दी करून वाकले, की मला माझ्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. उतरताना प्रत्येकाने त्याचा हात हातात घेऊन दाबला. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं आली. आठवड्याने बसायला जागा पुरेना. मी तुमच्यापासून लपवत नाही, मलाही ते आवडलं. कौतुकाने मी शेफारून गेले. खोटं तो बोलत होता हे खरं, पण दाखवत होते मीच.

एकदा बोललेलं खोटं स्वस्थ बसत नाही, त्याला सोबत लागते. थेल्बर्टने त्या जहाजाला एक कप्तान दिला, एकडोळ्या बार्नबस. मग बार्नबसला चौदा साथीदार दिले आणि प्रत्येकाला नाव दिलं. मग स्वतःसाठी पिसाची टोपी आणली. माझ्या अंगावरचं 'रुबीना' खरवडून काढलं, कवटी रंगवली आणि खाली लिहिलं, 'चाच्यांची राणी'. स्वतःच्या आईचं नाव त्याने माझ्यावरून पुसलं आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. नवा रंग कसा दिसतो हेच मी पाण्यात बघत राहिले.

जहाजाजवळ वाळूत एक लोखंडी सांगाडा रुतलेला होता. बाजूला एक चाक, खाली जाळीची फळी. त्यावर पिवळं प्रवाळ चढलं होतं. थेल्बर्ट तिथे आला की आवाज खोल करून सांगे, "आणि हे बार्नबसचं बोटं चिरडायचं यंत्र! कैदी खोटं बोलला की चाक फिरवायचं!" पाहुण्यांच्या अंगावर काटा येई. काही जण आपापली बोटं मुठीत लपवत. मग सगळे खदखदून हसत.

आणि शेवटी तो रमची बाटली काढी. बुचभर रम पाण्यात ओती आणि ओरडे, "एकडोळ्या बार्नबस! ये, तुझा घोट घे!"

हे मात्र आमच्या बेटावरचाच माणूस करू जाणे. बाहेरच्याला ही कल्पनाच सुचली नसती. ज्या रीतीने तो घरी आपल्या आईला, आजोबांना बोलवायचा, तीच रीत त्याने खेळात आणली होती. थेल्बर्टची बायको जेनेल एकदा फेरीला आली होती. तिने हे पाहिलं आणि उतरल्या उतरल्या त्याला फैलावर घेतलं.

"अहो, तुम्हाला काही कळतं का? खाली कोण आहे ते ठाऊक आहे ना?"

"अगं, खेळ आहे तो. पाहुण्यांना काय कळतंय!"

"मी पाहुण्यांचं बोलतच नाहीये. घोट ओतायचा आणि नाव भलत्याचंच घ्यायचं? तहानलेल्या माणसासमोर भांडं धरून दुसऱ्याला हाक मारण्यासारखं आहे ते."

"तू आता पाद्रीण हो," असं म्हणून थेल्बर्ट हसला. तो हसला म्हणून मीही ते बोलणं मनावर घेतलं नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली.

विंडवर्डला ओरिस नावाची बाई राहते. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, जिभेने तिखट. सगळं गाव तिला टँटी म्हणतं. आमच्याकडे मोठ्या बाईला मावशी म्हणावं तसं टँटी म्हणतात. ओरिसटँटीचे वडील एव्हरार्ड हे 'इव्हलिना'चे कप्तान होते. ती बुडाली तेव्हा टँटी आठ वर्षांची होती. त्यानंतर ती कधी होडीत बसली नाही. घराच्या ओट्यावरसुद्धा समुद्राकडे पाठ करून बसायची.

एका दुपारी ती धक्क्यावर आली. थेल्बर्ट माझी काच पुसत होता.

"थेल्बर्ट, उद्याच्या फेरीत मला जागा ठेव."

"टँटी, तू? सूर्य कुठून उगवला म्हणायचा!"

"चेष्टा नको. पपा स्वप्नात आले होते. एकदा नाही, तीनदा."

थेल्बर्टचा हात थांबला. आमच्याकडे स्वप्नावर कुणी हसत नाही.

"ओल्या कपड्यांनी दारात उभे होते," टँटी म्हणाली. "म्हणाले, 'ओरिस, वरून रोज घोट पडतो, पण हाक दुसऱ्यालाच मारतात. मी तोंड उघडतो आणि ते नाव ऐकून परत मिटतो.' पपांच्या आठवणीचा दगड तयार आहे रे. नाव कोरून झालंय. पुढच्या महिन्यात दगड बसवायचा, गेलेल्यांना बोलावून जेवण घालायचं, म्हणून ब्रुकलिनहून माझी भावंडं यायची आहेत. इतकी वर्षं मी या जेवणासाठी जगले. पण पपांनाच कुणी भलत्या नावानं अडवून धरलं असेल, तर ते येणार कसे? आणि ते आले नाहीत तर मी वाढू कुणाला? मला एकदा जाऊन त्यांना त्यांच्या नावानं बोलावू दे."

त्याच वेळी थेल्बर्टने तिचे पाय धरायला हवे होते. तो खाली बघत म्हणाला, "ये की, टँटी. जागा आहे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या जहाजातून पाहुण्यांचा घोळका आला होता. बारा माणसं. टँटी पांढरा पोशाख घालून, कापडात बांधलेली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन अगदी मागे बसली. काठ धरलेली तिची बोटं मला जाणवत होती. पोहता न येणारं माणूस धरतं तशी तिने मला धरलं होतं. थेल्बर्टने टोपी हातात घेतली, ठेवली, परत घेतली. पाहुण्यांमधला एक गलेलठ्ठ गृहस्थ ओरडला, "अहो कप्तान, चाचे कुठे आहेत? त्यांच्यासाठीच तर आलोय!"

थेल्बर्टने टोपी घातली.

मला वाटलं होतं, आज तरी तो नाही म्हणेल. खडकांपाशी आम्ही पोचलो. त्याने खेळ सुरू केला. आवाज तेवढा खाली आणला, खोटं होतं तेवढंच ठेवलं. बार्नबस झाला, चौदा साथीदार झाले. टँटी काचेतून बघत होती. मग तो लोखंडी सांगाडा माझ्या खाली आला.

"आणि हे... हे बोटं चिरडायचं यंत्र," थेल्बर्ट म्हणाला. पाहुणे हसले. गलेलठ्ठ गृहस्थाने बायकोचं बोट धरून चाक फिरवल्यासारखं केलं.

टँटी उठली. डगमगत, माणसांच्या खांद्यांचा आधार घेत पुढे आली आणि काचेपाशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळवे तिने काचेवर टेकले.

"ते शिलाईचं मशीन आहे," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही.

"ती खालची जाळी, तिच्यावर पाय ठेवतात. चाक बाजूला असतं. माझ्या आईसाठी पपा ते त्रिनिदादहून आणत होते. त्यांनी पत्रात कळवलं होतं. नाताळात माझा झगा त्यावर शिवायचा होता. आईनं कापड कापून तयार ठेवलं होतं." मग ती त्या गृहस्थाकडे वळून म्हणाली, "तुम्ही हसा, तुमची चूक नाही. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही ऐकलंत."

कुणीच हसलं नाही. वेण्या घातलेल्या एका लहान मुलीने हळूच विचारलं, "मग बार्नबस कोण होता?"

"ते याला विचार, बाळ," टँटी म्हणाली.

थेल्बर्टच्या डोक्यावर पिसाची टोपी तशीच होती. ती काढायचीसुद्धा त्याला शुद्ध राहिली नव्हती. मित्रांनो, त्या क्षणी माझी काच तडकली असती तर मला बरं वाटलं असतं. पण इग्नेशियसचं काम पक्कं होतं. टँटीचे डोळे वाहत होते, पाणी माझ्या काचेवर पडत होतं, आणि त्या पाण्यातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. आठ वर्षं रोज मी त्या मशीनवरून गेले होते. ते काय आहे हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

टँटीने बाटली उघडलीच नाही. "या गर्दीत नको," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थेल्बर्टने मला वाळूवर ओढलं आणि कवटी खरवडायला बसला. जेनेल बाजूला उभी होती, पण एक शब्द बोलली नाही. त्याला तेच जास्त लागलं असावं. रंगाखालून रुबीना निघाली, अर्धीमुर्धी. मग तो टँटीच्या घरी गेला. तिथे काय झालं ते त्याने नंतर माझ्याच काठावर बसून जेनेलला सांगितलं.

"म्हटलं, टँटी, माफी मागायला आलोय. तर म्हणते, 'माझ्याकडे कशाला? मी काय पाण्यात आहे? इतके दिवस चुकीची हाक मारलीस, आता बरोबर मार. सातही जणांना.' मी म्हटलं, नावं सांग. तर म्हणते, 'मला पपांचं आणि काकांचं ठाऊक आहे. बाकीची तू शोध. चौदा खोटी जुळवलीस, पाच खरी सापडणार नाहीत तुला?'"

थेल्बर्ट दारोदार हिंडला. गावाला सगळं माहीत होतं असं मी मघाशी म्हटलं ना, ते पूर्ण खरं नव्हतं. जहाज सगळ्यांना माहीत होतं. माणसं कुणाला नीट माहीत नव्हती. कुणाच्या बायबलच्या मागच्या पानावर एक नाव मिळालं, कुणाच्या आजीच्या तोंडून दुसरं. धक्क्यावर मासे तळून विकणारा एक म्हातारा आपल्या थोरल्या भावाचं नाव सांगताना ओशाळून गेला. "आम्हाला कळत होतं रे तू काय करतोयस ते. पण तुझ्याकडून उतरले की पाहुणे माझ्याकडे खायला यायचे. मीही तोंडाला कुलूप घातलं. तो माझा सख्खा भाऊ होता." त्या आठवड्यात बेटावर खाली मान घालून चालणारा थेल्बर्ट एकटा नव्हता.

एव्हरार्ड, ल्यूक, सेप्टिमस, डडली, कॅडेट, ओझियस. सहा नावं मिळाली. सातवा जहाजावरचा स्वयंपाकी होता. तो ऐनवेळी त्रिनिदादच्या बंदरात चढलेला. कुणी म्हणे तो बेक्वे बेटाचा, कुणी म्हणे सेंट व्हिन्सेंटचा. थेल्बर्टने दोन्हीकडे माणसं पाठवली. नाव मिळालं नाही.

दगड बसवायच्या आदल्या सकाळी आम्ही खडकांपाशी गेलो. टँटी होती, तिची भावंडं होती, सहा घरांतली माणसं होती. पाहुणा एकही नव्हता. थेल्बर्ट बोडक्या डोक्याने उभा राहिला. आधी पाणी, मग रम. प्रत्येक घोटाला एक नाव, आणि नावामागून त्या घरातल्यांचा हुंदका. एव्हरार्डचं नाव टँटीने स्वतः घेतलं, इतक्या मोठ्याने की खडकावरचे पक्षी उडाले. सहा झाली. सातव्या घोटाला थेल्बर्ट पाण्यावर वाकला.

"आणि तू," तो म्हणाला, "तुझं नाव आम्हाला मिळालं नाही. दादा, राग धरू नकोस. ये."

त्या संध्याकाळी टँटीच्या घरी ढोल वाजले. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर गेलेल्यांची ताटं मांडली. भात, मक्याचा गोळा, मटण, सगळं बिनमिठाचं, कारण त्यांना मीठ चालत नाही. सात ताटं. सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नसतं.

सकाळी टँटी त्या ताटांतलं थोडं पानात बांधून थेल्बर्टला द्यायला किनाऱ्यावर आली. येताना ती समुद्राकडे तोंड करून चालत होती.

"आले होते का, टँटी?" थेल्बर्टने धीर करून विचारलं.

"पहाटे डोळा लागला तेव्हा आले. कोरड्या कपड्यांत. काका बरोबर होते. सहाही जण पोटभर जेवले. पपांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला." ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसावेत तसे बाहीने पुसले.

"मग रडतेस कशाला?"

"सातवा दाराबाहेर उभा होता रे. हातात पळी होती. मी म्हटलं, आत ये की, ताट वाढलंय तुझं. तर म्हणाला, 'बाई, बाकीच्यांना नावानं बोलावलंत. माझं नाव कुणी घेतलंच नाही. मी कसा येऊ?'"

त्याला आता तीन वर्षं झाली. माझी काच धुरकट झाली आहे, फेऱ्या थोड्याच होतात. ज्यांना चाचेच बघायचे असतात ते दुसऱ्या होड्यांनी जातात. माझ्यात बसणाऱ्यांना थेल्बर्ट खरं तेच सांगतो, सहा नावं सांगतो आणि सातव्यापाशी गप्प होतो. आठ वर्षं मी त्या माणसाच्या डोक्यावर हशा पिकवला आणि त्याचं नाव ज्यांना ठाऊक होतं ती म्हातारी माणसं त्याच वर्षांत एकेक करून गेली. ही लाज माझ्या लाकडात मुरली आहे, ती रंगाने झाकत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे जरा चौकशी करा. घरातल्या थोरांना, ते आहेत तोवर विचारून घ्या. नाताळच्या तोंडावर त्रिनिदादच्या बंदरात एका नौकेवर स्वयंपाकाला चढला आणि परत आला नाही, असा कुणी तुमच्या ओळखीत होता का? पूर्ण नाव नसलं तरी चालेल. घरी त्याला काय म्हणून हाक मारायचे, तेवढं सांगा.